रखडलेला सांडपाणी पुनर्वापर प्रकल्प: शासनाकडे निधी मागण्यापूर्वी काय सिद्ध करावे लागते

एका नगरपरिषदेच्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सुमारे ८५ हजार वस्तीच्या शहरात भुयारी गटार आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राची योजना नऊ वर्षांपूर्वी मंजूर झाली. वाहिन्यांचे काम कागदोपत्री साठ टक्के झाले, १२ एमएलडी (एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर) क्षमतेच्या केंद्राच्या टाक्या अर्ध्या उंचीपर्यंत आल्या आणि ठेकेदार काम सोडून गेला. शुद्ध केलेले पाणी जवळच्या औद्योगिक वसाहतीला देण्याचे तेव्हाच ठरले होते. आज उरलेल्या कामाचे अंदाजपत्रक मूळ रकमेच्या दुपटीवर गेले आहे, नगरपरिषदेच्या तिजोरीत पैसे नाहीत, आणि केंद्राच्या अथवा राज्याच्या कोणत्या योजनेत, कोणाकडे अर्ज केला म्हणजे निधी मिळेल, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ नगरपरिषदांच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण योजनांवर अभियंता म्हणून काम केले, आणि त्यांतील चार योजना अशाच अर्धवट अवस्थेत माझ्याकडे आल्या होत्या. त्यांपैकी तीन पूर्ण झाल्या, एक अजूनही झालेली नाही. त्या अनुभवावरून सांगते की योजनेचे नाव हा नंतरचा भाग आहे. आपली फाईल नगरविकास विभागात किंवा नगरपरिषद प्रशासन संचालनालयात ज्या अधिकाऱ्यासमोर जाते, त्याच्या मनातील पहिला प्रश्न निराळाच असतो: आधी दिलेल्या पैशांतून नेमके काय उभे राहिले, आणि आता दिलेले पैसे त्याच वाटेने जाणार नाहीत कशावरून? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तावाच्या पहिल्या दोन पानांत नसेल, तर योजना कितीही योग्य निवडली तरी फाईल त्रुटी काढून परत येते.

पैशांअभावीच काम रखडले, असे आपण सर्वजण धरून चालतो. पुण्याचे उदाहरण पाहा. मुळा-मुठा शुद्धीकरण प्रकल्पात ११ केंद्रे आणि एकूण ३९६ एमएलडी क्षमता अपेक्षित होती. जपानच्या जायका संस्थेशी कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला आणि सुमारे ८५ टक्के खर्चाचा भार केंद्र शासन उचलणार होते. पैशांची सोय पहिल्या दिवसापासून होती. तरीही प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२२ साल उजाडले. मधली वर्षे सल्लागाराची नेमणूक, चढ्या दराच्या निविदा, त्या रद्द करून पुन्हा मागवणे आणि जागांचे ताबे यांत गेली. एवढ्या मोठ्या महापालिकेचे असे होत असेल, तर ब वर्ग नगरपरिषदेने आपले काम नेमके कशामुळे थांबले हे स्वतःशी प्रामाणिकपणे लिहून काढल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

माझ्या अनुभवातील एक प्रसंग सांगते. एका शहरात वाहिन्यांचे काम सत्तर टक्के पूर्ण असल्याची नोंद होती, तरी पंपिंग स्टेशनच्या विहिरीत सांडपाण्याचा थेंबही येत नव्हता. नगरपरिषद सलग तीन वर्षे संपूर्ण उर्वरित योजनेसाठी निधी मागत होती. आम्ही मुख्य वाहिनीवरून एकेक चेंबर उघडत निघालो. एका चेंबरमध्ये दोरीने विजेरी सोडायची आणि पुढच्या चेंबरमध्ये काठीला बांधलेला आरसा तिरका धरायचा. वाहिनी सरळ आणि मोकळी असेल तर आरशात प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसते, गाळ असेल तर खालून कापलेली चंद्रकोर दिसते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ठिकाणी आरसा काळाच राहिला. त्या दोन चेंबरच्या मध्ये रेल्वेमार्ग होता आणि त्याखालून जाणारी चाळीस मीटर वाहिनी टाकलीच गेलेली नव्हती, कारण परवानगीसाठी भरायचे शुल्क नगरपरिषदेने भरलेच नव्हते. वरच्या बाजूची सगळी वाहिनी त्या चाळीस मीटरसाठी कोरडी पडून होती. शासनाकडे मागितलेली रक्कम कोटींत होती, आणि पहिल्या टप्प्यात पाणी केंद्रापर्यंत आणायला लागणारी रक्कम तिच्या मानाने फारच लहान होती. आम्ही मागणीचे दोन भाग केले. पहिला भाग जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून सुटला आणि पाणी वाहू लागल्यावर दुसऱ्या भागाकडे बघण्याची मंत्रालयातील दृष्टीच पालटली.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की ‘रखडलेल्या प्रकल्पासाठी निधी’ असे शीर्षक देऊन मागणी करू नका. उरलेले काम मोजा, त्याचे स्वतंत्रपणे उपयोगात येतील असे भाग पाडा, आणि प्रत्येक भागासाठी नेमकी मागणी करा. मी जुन्या अंदाजपत्रकाच्या प्रती काढायला सांगत नाही. नगरपरिषद, तांत्रिक मान्यता देणारी यंत्रणा, म्हणजे बहुधा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, आणि शक्य असेल तर जुना ठेकेदार, अशा तिघांनी मिळून जागेवर केलेली संयुक्त मोजणी हवी. मोजमाप पुस्तकात लिहिलेली लांबी आणि जमिनीखाली खरोखर असलेली लांबी यांत फरक निघाला तर तो लपवू नका. तो आज आपल्या प्रस्तावातून उघड झाला तर ती प्रामाणिकपणाची खूण ठरते. उद्या लेखापरीक्षणात निघाला तर पुढचा हप्ता अडतो.

दुसरे म्हणजे प्रवाह. येथे मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण बहुतेक सविस्तर प्रकल्प अहवाल याच जागी कच्चे असतात. केंद्रीय नियमपुस्तिकेप्रमाणे भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी होते असे मानतात. ८५ हजार वस्तीला हा हिशेब सुमारे ९.२ एमएलडी येतो, पुढील वाढ धरून १२ एमएलडीचे केंद्र रास्त दिसते. पण आपल्याकडे चार दिवसांआड पाणी येते असे आपण लिहिले आहे. प्रत्यक्ष पुरवठा सरासरी माणशी ९० लिटर असेल, तर सांडपाणी ६.१ एमएलडीच्या आसपास होईल. वाहिन्या साठ टक्के भागात आहेत आणि त्या भागातील निम्म्याच घरांनी जोडणी घेतली असे धरले, तर केंद्रापर्यंत पोहोचणारे पाणी दोन एमएलडीही भरत नाही. बारासाठी बांधलेल्या केंद्रात दोन एमएलडी सोडले तर जैविक प्रक्रियेतील जिवाणूंना पुरेसे खाद्यच मिळत नाही, हवा पुरवणारी यंत्रे वीज खात राहतात आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची प्रतही राखता येत नाही. मग ते पाणी विकत कोण घेणार?

यासाठी नाल्यावर प्रत्यक्ष मोजणी करा. शहरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोठ्या नाल्यावर पत्र्याची ‘व्ही’ आकाराची खाच बसवून चोवीस तास, दर तासाला खाचेतील पाण्याची उंची नोंदवावी लागते, आणि ज्या दिवशी नळाला पाणी आले तो दिवस व न आलेला दिवस अशा दोन्ही दिवशी नोंदवावी लागते. मी स्वतः अशा मोजणीत रात्र काढली आहे. पहाटे चार वाजता खाचेत चार बोटे पाणी होते, सकाळी साडेसातला ते वीतभर झाले. पाहणाऱ्याला वाटते पाणी तिपटीने वाढले. या खाचेचे गणित असे आहे की उंची तिप्पट झाली म्हणजे प्रवाह सुमारे पंधरापट होतो. हा चढउतार ज्या अहवालात आलेला नाही, त्या अहवालातील समतोल टाकी, म्हणजे कमी-जास्त येणारे पाणी साठवून एकसारखे पुढे सोडणारी टाकी, आणि पंप दोन्ही चुकीच्या मापाचे निघतात. पाच-सहा दिवसांच्या या मोजणीचा तक्ता प्रस्तावाला जोडला, तर छाननी करणाऱ्या तांत्रिक समितीला समोर माहितगार माणूस बसला आहे हे कळते. त्याच तक्त्यावरून १२ एमएलडीचे केंद्र एकदम पूर्ण करण्याऐवजी सहा-सहाचे दोन टप्पे मागता येतात, आणि पहिल्या टप्प्याची रक्कम शासनाच्या आवाक्यात येते.

तिसरी गोष्ट जुन्या संकल्पचित्राची. नऊ वर्षांपूर्वीच्या अहवालात बाहेर पडणाऱ्या पाण्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचे माप), प्रतिलिटर ३० किंवा २० मिलिग्रॅम धरलेली असण्याची दाट शक्यता आहे. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत साधारण शहरांसाठी ३० आणि महानगरांसाठी २० ही मर्यादा होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती पुरेशी मानली नाही आणि सर्वच शहरांसाठी १० पर्यंत कडक केली. त्यानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांतही कडक अटी येऊ लागल्या. आपल्या केंद्राला कोणती मर्यादा लागू होते हे संमतीपत्रावरून लेखी निश्चित करून घ्या, आणि औद्योगिक वसाहतीला पाणी द्यायचेच असेल तर गाळणी व निर्जंतुकीकरणाचा तिसरा टप्पा आजच संकल्पनात घ्या. जुन्या टाक्या वापरायच्या असतील तर त्यांच्या बांधकामाची तपासणीही लागेल. चार-पाच पावसाळे उघड्या राहिलेल्या सळया, साचलेल्या पाण्यात उगवलेल्या बाभळी, भिंतींतील सांधे हे सगळे एखाद्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तपासून प्रमाणपत्र घ्यावे. टाक्या चांगल्या निघाल्या तर खर्च वाचतो, आणि न निघाल्या तरी त्या पाडण्याचा निर्णय कोणा एका अधिकाऱ्याच्या माथी येत नाही.

जुन्या ठेकेदाराचा करार हा तांत्रिक विषय नाही, पण माझी चौथी योजना आजही याच कारणाने पूर्ण झालेली नाही. करार रीतसर संपुष्टात आणला गेला नाही, अंतिम देयक झाले नाही, अनामत रकमेचा निर्णय झाला नाही, आणि नवी निविदा निघताच जुना ठेकेदार न्यायालयातून स्थगिती घेऊन आला. निधी मंजूर होऊन खात्यात पडून राहिला आणि शेवटी परत गेला. आपल्याकडे लवाद किंवा दावा चालू असेल तर त्याची सद्यस्थिती, उर्वरित काम दुसऱ्याकडून करून घेण्यास कायदेशीर अडथळा नसल्याचे नगरपरिषदेच्या वकिलांचे लेखी मत आणि अंतिम मोजमाप हे तीन कागद निधीच्या मागणीआधी तयार ठेवा. केंद्राच्या व पंपिंग स्टेशनच्या जागेचा सातबारा नगरपरिषदेच्या नावावर आहे का, हेही सदस्य म्हणून आपण स्वतः पाहा. ‘ताबा मिळाला आहे’ या तोंडी वाक्यावर विसंबू नका.

आता पुनर्वापराविषयी, कारण आपल्या प्रस्तावातील सर्वांत जोरकस बाजू तीच आहे. महाराष्ट्रात याचे चांगले उदाहरण नागपूरचे आहे. नागपूर महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांच्यात २००८ मध्ये करार झाला, भांडेवाडी येथील १३० एमएलडी सांडपाणी शुद्ध करून कोराडी औष्णिक विद्युत केंद्राला देण्याचे ठरले, जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून अनुदान मिळाले, आणि पाणी घेणारी संस्थाच प्रकल्पाची भागीदार असल्याने तो उभा राहिला. सुरतेने २०१४ पासून बमरोली येथील ४० एमएलडी केंद्रातून पांडेसरा औद्योगिक वसाहतीला पाणी देण्यास सुरुवात केली. दोन्ही ठिकाणी ग्राहक आधीपासून ठाऊक होता. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने तर सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक केले. आपल्या परिसरात असे वीजकेंद्र असेल तर ती तरतूद प्रस्तावात अवश्य नमूद करा.

औद्योगिक वसाहतीच्या बाबतीत ‘पाणी घेण्यास तत्त्वतः सहमती’ अशा पत्राला फारशी किंमत नसते. किती पाणी, कोणत्या प्रतीचे, कोणत्या दराने, वाहिनी कोण टाकणार आणि पाणी उचलले नाही तरी किमान आकार भरणार का, या पाच बाबी असलेला सामंजस्य करार हवा. उदाहरणादाखल, रोज चार एमएलडी पाणी हजार लिटरला दहा रुपये दराने गेले तर दिवसाला ४० हजार आणि वर्षाला सुमारे १ कोटी ४६ लाख रुपये येतात. हा दर मी केवळ हिशेब समजावा म्हणून धरला आहे. आपला दर वसाहत आज ताज्या पाण्यासाठी काय मोजते त्यावरून ठरेल. एवढ्या रकमेतून बांधकामाचा खर्च निघणार नाही, परंतु केंद्राच्या वीजबिलाचा मोठा हिस्सा निघू शकतो, आणि शासनाला नेमके तेच ऐकायचे असते.

त्याआधी नाल्याच्या खालच्या अंगाला जाऊन या. जवळजवळ प्रत्येक शहराच्या सांडपाण्यावर खाली कोणी ना कोणी शेती करत असते. मोटारी लावून ऊस, चारा, भाजीपाला घेतला जातो. ते पाणी घाण असले तरी त्या शेतकऱ्यांचा उन्हाळा त्यावर निघतो. सगळे पाणी वसाहतीकडे वळवण्याची योजना त्यांना न विचारता केली, तर वाहिनीचे काम तेथेच अडेल, आणि माझ्या मते त्यांचे अडवणे गैर ठरणार नाही. मोटारींची मोजणी करा, लाभक्षेत्राची यादी करा, आणि पहिल्या टप्प्यातील काही हिस्सा शुद्ध करून शेतीसाठीच सोडण्याची तरतूद अहवालात ठेवा.

आता योजनांकडे येते. येथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे: शहराची लोकसंख्या, आधीची योजना कोणत्या निधीतून झाली, आणि नाला कोणत्या नदीला मिळतो.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमृत २.० आणि स्वच्छ भारत अभियान नागरी २.० ही केंद्र शासनाची दोन्ही अभियाने पाच वर्षांच्या मूळ मुदतीसह सुरू झाली, आणि नगरपरिषदांत त्यांची नेहमी गल्लत होते. अमृत २.० मधील पाणीपुरवठ्याचा भाग सर्व शहरांना खुला असला तरी मलनिस्सारणाचा भाग पहिल्या अमृत अभियानातील ५०० शहरांसाठीच ठेवला गेला. एक लाखाखालच्या शहरांच्या सांडपाण्यासाठी स्वच्छ भारत २.० मध्ये वेगळी तरतूद केली, आणि त्यात प्रक्रिया केंद्र, नाले अडवून वळवणे आणि पंपिंग यांचा खर्च बसतो. गल्लीबोळांतील वाहिन्यांचे जाळे बसत नाही. ८५ हजार वस्तीच्या शहराने अमृतच्या नावाने भुयारी गटाराचा प्रस्ताव पाठवला आणि तो परत आला, तर त्याचे कारण बहुधा हेच असते. एक लाखाखालील शहरांसाठी केंद्र शासनाचा हिस्सा ५० टक्के धरला गेला, मोठ्या शहरांसाठी तो कमी होत गेला. म्हणजे प्रक्रिया केंद्र आणि नाले वळवणे एका मागणीत, आणि वाहिन्यांचे उर्वरित जाळे राज्याच्या सुवर्णजयंती नगरोत्थान महाभियानाकडे दुसऱ्या मागणीत, अशी विभागणी आपल्यासारख्या शहराला सोयीची ठरते. ज्या अभियानाची मुदत संपत आली आहे किंवा वाढीव मुदतीवर चालले आहे, त्यावरच सारी भिस्त ठेवू नका. प्रस्तावाचे भाग असे ठेवा की पुढच्या योजनेच्या नमुन्यातही ते जसेच्या तसे बसतील.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात लहान शहरांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग स्वच्छता आणि पाणी यांच्याशी बांधून ठेवला, आणि सांडपाण्याचा पुनर्वापर त्यात स्पष्टपणे बसत होता. आपल्या नगरपरिषदेला त्या बंधित निधीतून काय मिळाले, त्यातले काय अखर्चित आहे, हे सर्वसाधारण सभेत लेखी प्रश्न विचारून जाणून घ्या. अखर्चित रक्कम असेल तर ती खर्च न करता शासनाकडे नवा निधी मागणे टिकत नाही. कर्जाचाही एक मार्ग आहे: २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला नागरी पायाभूत सुविधा विकास निधी राष्ट्रीय आवास बँकेमार्फत राज्यांना सवलतीच्या दराने कर्ज देतो, आणि ५० हजारांवरील शहरे त्यात येतात. कर्ज राज्य शासन घेते, त्यामुळे जिल्हाधिकारी व संचालनालयामार्फत राज्याच्या यादीत आपले नाव घालून घेणे एवढेच आपल्या हाती असते. शहर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीतील नदीवर असेल, तर तोही एक भक्कम आधार आहे; २०१८ च्या यादीत देशातील ३५१ पट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. आपल्या नदीसाठी जिल्हास्तरावर कृती आराखडा झाला असेल तर त्यात आपल्या केंद्राचा उल्लेख आहे का, हे तपासा.

आधीच्या योजनेविषयी एक सावधगिरी. एकाच घटकासाठी दोन योजनांतून पैसे घेता येत नाहीत. जुन्या योजनेत ज्या टाकीसाठी अनुदान मिळाले तीच टाकी नव्या प्रस्तावात पूर्ण किमतीने दाखवली, तर तो दुबार निधी ठरतो. म्हणून सुधारित प्रशासकीय मान्यता, ज्याला आपण कार्यालयात ‘सुप्रमा’ म्हणतो, ती घेताना तीन रकाने ठेवा: झालेले काम आणि त्यावर झालेला खर्च, निकामी झालेले काम, आणि उरलेले काम चालू दरसूचीप्रमाणे. जुन्या हप्त्यांची उपयोगिता प्रमाणपत्रे, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले, प्रलंबित असतील तर आधी ती पाठवा. ही प्रमाणपत्रे अडकल्यामुळे पुढचा हप्ता थांबला आणि हप्ता थांबल्यामुळे काम थांबले, हे चक्र मी अनेकदा पाहिले आहे, आणि ते तोडायला लेखापालाचे पंधरा दिवस मनापासून केलेले काम पुरते.

न्यायालयीन आदेशांचा उल्लेख प्रस्तावात जरूर करा, मात्र धमकीच्या सुरात करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात सांडपाणी केंद्रे तीन वर्षांत उभारण्यास सांगितले आणि ती बांधण्या-चालवण्यासाठी स्थानिक संस्थांनी उपकर आकारण्याचे नियम करावेत असेही म्हटले. पुढे हरित न्यायाधिकरणाने ३१ मार्च २०२१ नंतरही अपूर्ण राहिलेल्या प्रत्येक केंद्रासाठी दरमहा १० लाख रुपये भरपाई ठरवली, म्हणजे वर्षाला १ कोटी २० लाख. सप्टेंबर २०२२ मध्ये घन आणि द्रव कचऱ्याच्या व्यवस्थापनातील उणिवांसाठी महाराष्ट्र शासनावर १२ हजार कोटींची भरपाई आकारण्याचा आदेशही त्याच न्यायाधिकरणाने दिला. या आकड्यांचा उपयोग ‘काम न करण्याची किंमत’ दाखवणाऱ्या एका तक्त्यापुरता करावा.

शेवटी नगरपरिषदेचा स्वहिस्सा आणि केंद्र चालवण्याचा खर्च, ज्यावर सदस्य म्हणून आपले मत थेट चालते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी निर्माण होत होते, प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी होती, त्यातली चालू क्षमता २६,८६९ आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी २०,२३६ एमएलडी होते. म्हणजे बांधून झालेल्या क्षमतेचाही तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग वापरात नव्हता. वाहिन्या जोडलेल्या नसणे आणि चालवायला पैसे नसणे ही दोन कारणे मी स्वतः पुन्हा पुन्हा पाहिली. शासनालाही हे ठाऊक आहे. म्हणून निधीच्या मागणीसोबत सर्वसाधारण सभेचा असा ठराव हवा, ज्यात मलनिस्सारण कर किती, घरजोडणी किती महिन्यांत आणि कोणाच्या खर्चाने, वीजबिलासाठी वेगळे खाते, आणि पाण्याच्या विक्रीची रक्कम त्याच खात्यात जमा करण्याची अट, हे सारे आकड्यांसह असेल. गरीब वस्तीतील घरजोडणी नगरपरिषदेने मोफत करावी असे माझे ठाम मत आहे. जोडणीचे पैसे वसूल करण्याच्या नादात केंद्र उपाशी ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही. निवडणुकीच्या तोंडावर कराचा ठराव करणे सोपे नसते याची मला जाणीव आहे. पण माझ्या तीनही पूर्ण झालेल्या योजनांत हा ठराव निधी येण्याआधी झालेला होता, आणि प्रत्येक वेळी सर्वपक्षीय सदस्यांना अर्धवट केंद्राच्या जागेवर नेऊन, तेथे उभे राहूनच त्याची चर्चा झाली होती.

आमदार-खासदारांचे शिफारसपत्र घ्यावे का, असेही आपण विचारले आहे. अवश्य घ्या, पण संयुक्त मोजणी, संमतीपत्रातील मर्यादा, वसाहतीचा करार आणि सभेचा ठराव हातात आल्यानंतर घ्या. पत्रामुळे फाईल वरच्या टेबलावर लवकर पोहोचते, आणि तेथे ती अपुरी निघाली तर तितक्याच लवकर परत येते. दुसऱ्यांदा तेच पत्र मागायला संकोच वाटतो.

मुख्याधिकाऱ्यांना सांगून सुरुवात नाल्यावरील मोजणीपासून करा, कारण तिला खर्च जवळजवळ नाही आणि इतर सर्व आकडे तिच्यावर उभे राहणार आहेत. चार मजबूत पत्रे, एक मोजपट्टी, तीन पाळ्यांत नोंद घेणारी सहा माणसे आणि नळाला पाणी सोडण्याचे वेळापत्रक एवढीच तयारी लागते. मात्र ती मृगाच्या आधी उरका. एकदा नाल्याला पावसाचे पाणी आले की खाचेतील आकडा सांडपाण्याचा राहत नाही, आणि मग पुन्हा मोजायला दिवाळी उलटावी लागते.